क्वांटम आलं म्हणून ओटीपी वाटत सुटू नका

आमच्या काकांनी काल घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. 'क्वांटम नेटवर्क आलं! निरोप प्रकाशापेक्षा वेगाने जातो. कितीही लोक जोडा, मधल्या कुणालाच वाचता येत नाही. हॅकिंग कायमचं बंद!' खाली काकांची स्वतःची भर: 'चला, ओटीपीची कटकट संपली.' उभी हयात बँकेत काढलेला माणूस!

वेगाचं आधी उरकतो. या नेटवर्कमध्ये धावतात ते फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे सुटे कण, आणि फायबरमध्ये प्रकाश पोकळीतल्यापेक्षा हळूच धावतो. शिवाय त्यांच्याकरवी ठरते ती फक्त किल्ली, म्हणजे निरोप कुलूपबंद करायचा गुप्त आकडा. कुलूपबंद निरोप नेहमीच्याच वाटेने जातो.

अर्धसत्य आहे, तेवढं मान्य. बेनेट आणि ब्रासार्ड या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मधे कुणी फोटॉन मोजले, तर चुका वाढतात आणि दोन्ही टोकांना चाहूल लागते. पण दोनच टोकांना. खरी थाप आहे ती 'कितीही लोक' आणि 'मधल्या कुणालाच'.

चांगल्या फायबरमध्येही १०० किलोमीटरवर शंभरातला एखादाच फोटॉन पोचतो, २०० वर दहा हजारांत एखादा. नेहमीचा सिग्नल वाटेत वाढवता येतो. इथे फोटॉनची नक्कल करता येत नाही, यावरच तर सगळी सुरक्षा उभी, मग वाढवणार कसा? म्हणून वाटेत ठाणी लागतात. बीजिंग-शांघाय या सुमारे २,००० किलोमीटरच्या मार्गावर ती ३२ आहेत. मधल्या प्रत्येक ठाण्याकडे मागच्याशी जुळणारी एक किल्ली, पुढच्याशी जुळणारी दुसरी. दोन्ही साध्या शून्य-एकांत त्या बंद खोलीतल्या पेटीत पडलेल्या. पेटी ज्याच्या हाती, त्याला सगळं वाचता येतं. यांना 'ट्रस्टेड नोड' म्हणतात. विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही, म्हणून ट्रस्टेड! इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये २०२० साली अशा ठाण्यांशिवाय आठ जण जोडून दाखवले, पण एका शहरात आणि आठच.

हॅकिंग बंद? २०१० मध्येच संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या यंत्रांचे डिटेक्टर, म्हणजे फोटॉन टिपणारे भाग, प्रखर प्रकाशाने आंधळे करून, मागमूस न ठेवता किल्ली काढता येते हे दाखवलं.

अमेरिकेची एनएसए ही सरकारी गुप्तचर संस्था तर राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणांसाठी हे तंत्र वापरायची शिफारसच करत नाही. ठाण्यांमुळे आतल्या माणसाचा धोका वाढतो, हे एक कारण. दुसरं काकांसाठी: पलीकडे नक्की कोण बसलंय, याची खात्री हे तंत्र स्वतः देत नाही.

आणि काका, ओटीपी मागणारा तुमची तार कापायला येत नाही. 'बँकेतून बोलतोय' म्हणतो, आणि तुम्हीच त्याला सहा आकडे वाचून दाखवता.