गोल्फ क्लब नव्हता म्हणून चिखलदरा मागे राहिला?

अचलपूर, परतवाडा, अंजनगाव भागातल्या मोबाइलवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात गोल्फ जन्मला डोंगरावरच्या क्लबांत. त्या क्लबांमुळेच सिमला, उटी, गुलमर्ग मोठे झाले. इंग्रजांनी चिखलदऱ्यावर तसा क्लब काढला नाही, म्हणून आपण मागे राहिलो. तेव्हा आता तरी गोल्फ कोर्स करा. नुसतं गवतच लावायचं आहे, जंगलाला धक्का नाही, आणि मेळघाटातल्या पोरांना गावातच काम मिळेल.

चिखलदऱ्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारी माणसंच ही पोस्ट पुढे पाठवत आहेत. मलाही तेच वाटतं. पण पोस्टमधला इतिहास चुकीचा आहे, आणि त्यावर उभी केलेली मागणी आपल्याला महागात पडेल.

आधी जन्माचं पाहू. भारतातला सर्वात जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, 1829 सालचा. ब्रिटनबाहेरचा जगातला पहिला क्लब म्हणून तो ओळखला जातो. 1842 मध्ये मुंबईत क्लब निघाला, 1876 मध्ये बंगळुरात. कोडाईकनालचा क्लब 1895 चा, शिलाँगचं मैदान 1898 चं. म्हणजे हा खेळ व्यापाराच्या आणि लष्कराच्या मोठ्या शहरांत रुजला आणि साहेबांबरोबर उन्हाळ्यात डोंगर चढला.

क्लबांमुळेच ही ठिकाणं मोठी झाली, हा दुसरा दावा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून तिथे जरा थांबतो. सनावळी एका ओळीत मांडून बघा. कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन 1819 मध्ये निलगिरीवर, म्हणजे जिथे पुढे उटी वसलं तिथे, गेला. सिमल्यात केनेडी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1822 मध्ये पक्कं घर बांधलं. चिखलदऱ्यावर हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन पोचला 1823 मध्ये. महाबळेश्वरला मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने ठाणं वसवलं ते 1828-29 च्या सुमारास. चारही ठिकाणं दहा वर्षांच्या आत इंग्रजांच्या नजरेत भरली. (कोरकू आदिवासी तिथे आधीपासून राहत होते, आणि शेजारचा गाविलगड किल्ला तर इंग्रजांनी 15 डिसेंबर 1803 लाच घेतला होता; त्यामुळे 'शोध' हा शब्द मी वापरत नाही.) सुरुवात एकाच वेळी झाली, मग पुढे फरक का पडला?

फरक पडला सरकारमुळे. 1864 पासून सिमला हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाली. सहा-सात महिने सगळी कचेरी तिकडे, मग दुकानं, शाळा, रस्ते आपोआप आले. 1903 मध्ये कालका-सिमला रेल्वे पोचली. सिमल्याजवळचं नालदेहराचं गोल्फ मैदान व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळातलं, म्हणजे राजधानी होऊन पस्तीसेक वर्षं उलटल्यावरचं. ती जागा कर्झनला इतकी आवडली की 1904 मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नावात त्याने नालदेरा घातलं. उटीला मद्रास सरकार उन्हाळ्यात मुक्कामाला जायचं. तिथे गोल्फ आला 1890 च्या दशकात, सलिव्हननंतर सत्तर वर्षांनी. महाबळेश्वरला मुंबईचा गव्हर्नर जायचा. आधी सरकार, मग वाट, मग वस्ती, आणि गोल्फ सगळ्यात शेवटी.

आता आपल्याकडे या. 1823 मध्ये वऱ्हाड निजामाचा होता. 1853 मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, तरी वऱ्हाडात गव्हर्नर कधी बसलाच नाही. कमिशनर आणि अचलपूरच्या छावणीतले अधिकारी, एवढ्यांपुरताच चिखलदरा राहिला. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, पण नागपूरच्या त्या सरकारचं उन्हाळ्याचं ठिकाण आधीच ठरलेलं होतं: पचमढी. तिथे जायला मुख्य रेल्वेमार्गावरचं पिपरिया स्टेशन होतं. आपल्या वाट्याला आली अचलपूरपर्यंतची अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे, तीही कापसाच्या गाठी वाहायला. 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो, तर त्या राज्याच्या पदरात महाबळेश्वर आणि माथेरान आधीपासून होतेच. चिखलदरा प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभा राहिला. क्लब असता तरी ही रांग बदलली नसती.

गुलमर्गच्या बाबतीत मात्र पोस्टमध्ये थोडं तथ्य आहे. तिथे गोल्फ हे खरंच मोठं आकर्षण होतं, 1911 मध्ये क्लबही स्थापन झाला. पण गुलमर्ग म्हणजे साडेआठ हजार फुटांवरचं निसर्गाचंच कुरण, हिवाळाभर बर्फाखाली राहणारं. तिथे गवत पेरून जगवावं लागत नव्हतं.

आणि 'नुसतं गवत' हा मुद्दा तर शेतकऱ्याच्या पोरांनी तरी पुढे पाठवू नये. चिखलदऱ्यावर पाऊस भरपूर, वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर. पण तो जून ते सप्टेंबर पडतो आणि काळ्या खडकावरून खाली वाहून जातो. एप्रिल-मेमध्ये तालुक्यातल्या गावांना टँकरने पाणी पुरवावं लागतं, हे आपण वर्षानुवर्षं बघतो. आता हिशेब करा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. नऊ होलच्या (चेंडू घालायच्या नऊ भोकांच्या) लहान मैदानात भिजवायचं क्षेत्र फक्त दहा हेक्टर धरा आणि उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरा. दिवसाला पाच लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर, रोज. इंग्रजांनासुद्धा हे कळत होतं. पाणी कमी असलेल्या कितीतरी छावण्यांत ते चेंडू घालायच्या भोकाभोवती हिरवळ न करता तेल घातलेली वाळू दाबून बसवत, त्याला 'ब्राऊन' म्हणत.

जागेचंही तसंच. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर सहज लागतात. चिखलदऱ्याभोवती मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. ती टाळायची तर उरतात गावांची शेतं आणि गवळ्यांची, कोरकूंची चराई. उटीच्या माळांवरही आधी तिथल्या तोडा आदिवासींच्या म्हशीच चरत होत्या.

रोजगाराचं म्हणाल, तर कॅडी (खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारे) आणि माळी यांच्या घरांतून मोठे खेळाडू आले, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. 1991 मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय अली शेर दिल्लीत कॅडी होता. ही स्पर्धा दोनदा जिंकणाऱ्या एस. एस. पी. चौरासियाचे वडील कलकत्त्याच्या क्लबात मैदान राखायचे. पण ही दिल्ली-कलकत्त्याची मैदानं; तिथे खेळणारे शहरातच राहतात. चिखलदऱ्यावर गर्दी लोटते ती जुलै-ऑगस्टमध्ये, धुकं आणि धबधबे बघायला. त्या पावसात समोरचा माणूस दिसत नाही, चेंडू काय दिसणार?

पर्यटक येतात तेव्हा आज कमाई होते ती मोथ्याच्या गवळ्यांची खवा-रबडीवर, स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांची, जिप्सीवाल्यांची, सेमाडोहकडच्या गाइड पोरांची. या सगळ्यांना हवी आहे चांगली वाट आणि उन्हाळ्यात पाणी. मूर्तिजापूर-अचलपूर मार्ग ब्रॉडगेज करा, ही मागणी आपल्याकडे जुनीच आहे. शंभर गटांवर काही पाठवायचंच असेल तर ती पाठवा.