दामदुपट आपली, अंमल ब्रिटनमध्ये

लोन अ‍ॅपच्या वसुलीपायी कुणाचा छळ झाल्याची बातमी आली की मायदेशी दोन सूर ऐकू येतात. लोकांना आर्थिक साक्षरता नाही, हा पहिला. दुसरा जास्त वजनदार वाटतो: व्याजाला लगाम घातला तर कंपन्या गरिबाला कर्जच देणार नाहीत आणि तो बेकायदा सावकाराच्या दारात जाईल. या दुसऱ्या भीतीची परीक्षा मी राहते त्या देशात, म्हणजे इथे ब्रिटनमध्ये होऊन गेली आहे. ज्या नियमाने ती झाली, तो मराठी माणसाला परका नाही.

पगार होईपर्यंत तग धरायला घेतलेल्या अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर २ जानेवारी २०१५ पासून इथे तीन मर्यादा आहेत. व्याज आणि फी मिळून दिवसाला ०.८ टक्क्यापेक्षा जास्त नाही. परतफेड चुकली तर दंड १५ पौंडांपर्यंतच. आणि व्याज, फी, दंड असं सगळं धरून मुद्दलाइतक्याच रकमेपर्यंत. शंभर पौंड घेतले तर कितीही थकले तरी एकूण दोनशेच्या वर देणं लागत नाही. व्याजाला मुद्दलाच्या वर जाऊ न देणारी ही आपली दामदुपटच. उलट थोडी कडक, कारण आपल्याकडचा जुना नियम एका वेळी वसूल होणाऱ्या व्याजापुरता होता, इथला कर्जाच्या पूर्ण आयुष्याला लागू आहे. वित्तीय नियामक एफसीएने २०१७ मध्ये आढावा घेतला. कर्ज नाकारलेली माणसं त्यामुळे बेकायदा सावकारांकडे वळल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही, आणि मर्यादा कायम राहिली.

महाराष्ट्रात दामदुपट कागदावर आजही जिवंत आहे. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवानाधारक सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. दरही ठरलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. अ‍ॅपवरचं कर्ज मात्र बहुधा एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीचं असतं. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या एनबीएफसींना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२२ चा निकाल आहे. रिझर्व्ह बँक स्वतः अशा कर्जांच्या दराला आकडा लावत नाही. मायक्रोफायनान्स कंपन्यांवर होती ती मर्यादाही तिने १ एप्रिल २०२२ पासून काढून घेतली. गल्लीतल्या परवानाधारक सावकाराला १८ टक्क्यांची चौकट आणि मोबाइलमधल्याला कसलीच नाही, हे मला पटत नाही.

हिशेब करून बघा. समजा १५ दिवसांसाठी १०,००० रुपये, व्याज महिना २ टक्के, प्रोसेसिंग फी १,२०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी २१६. फी आधीच कापतात, म्हणून खात्यात येतात ८,५८४. परत द्यायचे १०,१००. म्हणजे पंधरा दिवसांचा खर्च १,५१६ रुपये, सरळ हिशेबाने वर्षाला सुमारे ४३० टक्के. हातात आलेल्या रकमेवर दिवसाला ०.८ टक्का धरला तर हाच खर्च १,०३० च्या आसपास थांबला असता. जाहिरातीत दिसतात ते '२ टक्के'. खरी मेख फीमध्ये असते. म्हणून नुसत्या व्याजदरावर मर्यादा घालून भागणार नाही, एकूण खर्चावरच घालावी लागेल.

रिझर्व्ह बँकेने बाकी काम चांगलं केलं आहे, हेही म्हटलं पाहिजे. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत, अ‍ॅपला फोनमधले नंबर, फोटो वाचायची मुभा नाही, वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाचा सगळा खर्च मांडणाऱ्या कागदात, नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, तेव्हा तो कागद डाउनलोड करून जपून ठेवा. किमान एक दिवसाच्या कूलिंग ऑफ मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्ज परत करता येतं. फक्त कागदावर आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी कंपनी ठेवून घेऊ शकते, आणि इथेच बरेच जण फसतात. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

ब्रिटनचंही सगळं आलबेल नाही. वोंगा ही पगारापर्यंतची अशी कर्जं देणारी इथली सर्वांत गाजलेली कंपनी ऑगस्ट २०१८ मध्ये बुडाली, तेव्हा ज्यांना चुकीचं कर्ज दिलं गेलं होतं त्यांच्या हाती मंजूर भरपाईच्या ४.३ टक्केच पडले.

पण कर्जात बुडालेल्या माणसाला श्वास घ्यायला जागा इथे आहे. मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्ज सल्लागारामार्फत ६० दिवसांची 'ब्रीदिंग स्पेस' मिळते. त्या काळात व्याज आणि दंड गोठतो, वसुलीचे फोन आणि जप्ती थांबते. घरभाडं आणि चालू बिलं मात्र भरत राहावी लागतात, आणि ही सवलत १२ महिन्यांत एकदाच.

भारतातही याची तरतूद आहे, फक्त ती झोपली आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत छोट्या कर्जदारासाठी 'फ्रेश स्टार्ट' प्रक्रिया लिहिलेली आहे, १८० दिवस वसुली थांबवून नंतर पात्र कर्ज माफ करणारी. संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. साध्या पगारदाराला किंवा भाजीवाल्याला अजूनही १९०९ आणि १९२० चे इंग्रजी अमदानीतले दिवाळखोरीचे कायदेच लागू आहेत. शिवाय फ्रेश स्टार्टच्या अटी वार्षिक उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि कर्ज ३५ हजार रुपयांपर्यंत अशा आहेत. उद्या अधिसूचना निघाली तरी महिना ५,००० च्या वर कमावणारा कुणीही त्यात बसणार नाही. आधी हे आकडे वाढवावे लागतील, मगच अधिसूचना.