विज्ञानकथेच्या वाचकाला मजकुरावर चालणारे ऑनलाइन खेळ का हवेसे वाटतात

मजकुरावर चालणारे ऑनलाइन भूमिका-खेळ, म्हणजे एखादे पात्र बनून चित्रांऐवजी लिहिलेल्या शब्दांतून इतरांसोबत खेळायचे खेळ, केवळ जुन्या आठवणींपोटी टिकून आहेत, हे या खेळांवरील एका लेखात वाचलेले मत मला पटत नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवलेल्या ‘मड’ या अशाच सुरुवातीच्या खेळाचे सारे जग अक्षरांचेच होते, हे खरे, परंतु परग्रहावरचे वातावरण, तिथल्या जीवांची विचार करण्याची रीत किंवा यानातील एकटेपणा चित्रात दाखवण्यापेक्षा लिहून दाखवणे कितीतरी सोपे असते, आणि विज्ञानकथेचा वाचक मुळातच शब्दांतून जग उभे करायला सरावलेला असतो. ॲलन लेंटन यांच्या ‘फेडरेशन’ या अंतराळ-व्यापाराच्या खेळात तर मालवाहतुकीपासून सुरुवात करणारा खेळाडू पायऱ्या चढत अखेर स्वतःच्या ग्रहाचा धनी होतो आणि त्या ग्रहाची रचनाही स्वतःच करतो. वाचकाला असा निर्मितीचा अधिकार देणारे दुसरे माध्यम मला तरी ठाऊक नाही. हे खेळ संथ असतात, ही लेखातील तक्रार रास्त आहे. मात्र समोरच्या खेळाडूने लिहिलेले नीट वाचून, विचार करून उत्तर लिहिण्यासाठी तेवढा वेळ लागणारच, आणि मला तोच भाग सर्वाधिक आवडतो.