प्राधान्य म्हणे!

जुलैचा शेवटचा आठवडा. रिटर्न भरायची मुदत डोक्यावर, आणि माझ्या टेबलावरचा इंटरनेट फोन उचकी लागल्यासारखा बोलतोय. निवृत्त शिक्षक असलेल्या एका अशिलांना मी स्पष्ट सांगितलं, "सर, आत्ता भरू नका, २६एएस जुळत नाहीये." (२६एएस म्हणजे कापलेल्या कराचा सरकारी उतारा.) त्यांच्या कानात पोचलं ते "आत्ता भरू... जुळत..." मग? भरून मोकळे झाले! वर संध्याकाळी आनंदाने फोन, "ताई, तुम्ही म्हणालात तसं भरून टाकलं हो." आता रिवाइज्ड रिटर्न कोण भरणार? मीच. फुकटात.

डोंबिवलीत घरूनच काम करते. ऑफिसचा नंबर इंटरनेट फोनवर घेतलाय, केबलने थेट राऊटरला जोडलेला. प्लॅन ४० एमबीपीएसचा, वर जायला ४० आणि खाली यायलाही ४०. अशा एका कॉलला लागतं किती? आवाजाचे ६४ केबीपीएस (एमबीपीएसचा हजारावा भाग) आणि पॅकेटांवरच्या, म्हणजे आवाजाच्या छोट्या पुडक्यांवरच्या, पत्त्यांचं ओझं धरून जेमतेम ८७. म्हणजे माझ्या लाइनीत चारशे कॉल सहज मावावेत. इथे एक धड होत नाही!

कस्टमर केअरला फोन केला की तिकडून ठरलेली पोपटपंची. स्पीड टेस्ट करा मॅडम. राऊटर बंद-चालू करा मॅडम. शंभरचा प्लॅन घ्या मॅडम. अरे, मला वेग नकोय! नळाला पाणी कमी आहे अशी माझी तक्रारच नाही. रांगेत माझा एक तांब्या पुढे जाऊ दे, एवढंच मागणं आहे.

शेवटी कंपनीकडून घरी आलेला मुलगा मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवत म्हणाला, "मॅडम, स्पीड तर फुल येतोय." फुल येणारच! तेव्हा घरात दुसरं काही चालूच नव्हतं. फोन बिघडायचा तो दुपारी तीननंतर, म्हणजे लेक कॉलेजातून येऊन मोबाइल चार्जिंगला लावते तेव्हा. हे माझ्या लक्षात यायला नऊ दिवस गेले. तारकर्लीच्या सहलीचे १४०० फोटो आणि वर व्हिडिओ, चार्जर लागला की आपोआप क्लाउडवर चढायला लागायचे. अपलोड सगळं तुडुंब. पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, एरवी ८ मिलिसेकंद, तेव्हा ६०० वर. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, असं आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, जी.११४ शिफारस सांगते. माझा आवाज तिच्या फोटोंच्या मागे ताटकळत उभा!

आणि हा दोष लेकीचा नाही, कंपनीने दिलेल्या त्या डबड्याचा, म्हणजे राऊटरचा आहे. त्यात बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायची जागा, भरमसाट मोठा ठेवलेला असतो. पॅकेट टाकून द्यायचं नाही म्हणून साठवत बसायचं, अगदी माळ्यावरच्या जुन्या डब्यांसारखं. पॅकेट हरवलं तर पाठवणाऱ्या यंत्राला कळतं की जरा दमानं घ्यावं. इथे हरवतच नाही, नुसतं उशिरा पोचतं, म्हणून कोणी दमानं घेत नाही आणि रांग वाढत जाते. या रोगाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१० च्या सुमारास यावर बोंब ठोकली. एफक्यू-कोडेल नावाचा रांग आवरायचा उपाय आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २०१८ मध्ये कागदावर आला. माझ्या घरच्या डबड्याला त्याचा वाराही लागलेला नाही.

पण म्हटलं, राऊटरमध्ये 'क्यूओएस' नावाचं पान आहे ना! फोनला प्राधान्य द्यायची सोय. आधी अॅडमिनचा पासवर्ड मिळवायला दोन दिवस, कारण तो "कस्टमरला देत नाही". माझ्या घरात, माझ्या विजेवर चालणारं यंत्र, आणि मलाच उंबऱ्यावर अडवतात! कसाबसा मिळाला. पान उघडलं तर काय, एसपी की डब्ल्यूआरआर? रांग १ वरची की रांग ४ वरची? डीएससीपी किती? कशाचंही स्पष्टीकरण नाही. मदतीच्या बटणावर टिचकी मारली तर पान रिकामं.

अपलोड बँडविड्थची एक चौकट होती. मी भाबडेपणाने ४० लिहिलं आणि सेव्ह केलं. घरातलं सगळं नेट मेलं. नवरा मीटिंगमधून ओरडतोय, "अगं, काय केलंस?" काय केलं ते अर्ध्या तासाने समजलं. ती चौकट केबीपीएसमध्ये होती! ४० केबीपीएस, म्हणजे अर्धा फोन कॉलसुद्धा नाही. अख्ख्या घराचं इंटरनेट मी अर्ध्या कॉलमध्ये कोंबलं होतं. एकक लिहायला त्या पानावर जागा नव्हती का? कंपनीच्या लोगोला बरी अर्धी स्क्रीन मिळाली!

४०००० केलं. डीएससीपी म्हणजे पॅकेटवरचा प्राधान्याचा शिक्का, फोनची पॅकेटं ४६ चा शिक्का घेऊन निघतात, त्यांना सगळ्यात वरची रांग दिली. फरक? शून्य. कारण लाइन जेवढी, तेवढीच मर्यादा लिहिली. रांग लावायची तर ती आपल्या हातातल्या जागी लागली पाहिजे, त्यासाठी मर्यादा लाइनीपेक्षा थोडी कमी ठेवावी लागते. हे कुठे लिहिलंय? त्या पानावर तरी नाही. मग ३४००० केलं, तेव्हा लक्षात आलं, क्यूओएस चालू झाल्यापासून त्या डबड्याचा प्रोसेसर धापा टाकतोय. पॅकेटं हार्डवेअरमधून परस्पर पुढे सरकवण्याची युक्ती क्यूओएस लावलं की बंद पडते, मग प्रत्येक पॅकेट त्या बिचाऱ्याला स्वतः तपासावं लागतं. वेग १८ वर. वा रे प्राधान्य!

मधे वैतागून लॅपटॉपवरच्या फोन अॅपवरून वायफायने बोलून पाहिलं. तिथे निराळीच गंमत. वायफायला आवाजाची वेगळी रांग असते, ६ आणि ७ या क्रमांकांची. पण कित्येक यंत्रं ४६ या आकड्याचे बायनरीतले पहिले तीनच अंक वाचतात. ४६ म्हणजे १०१११०, त्यातले १०१ म्हणजे ५, आणि ५ ही व्हिडिओची रांग! शिक्का आवाजाचा, बसवलं व्हिडिओच्या डब्यात. बरं, हा शिक्का घराबाहेर गेल्यावर सेवा देणारी कंपनी बहुधा पुसूनच टाकते, ते वेगळंच.

आणि या सगळ्याच्या वर 'सिप एएलजी', इंटरनेट फोनच्या निरोपांत हात घालणारी राऊटरमधली सोय. मदतनीस म्हणून ठेवलेला, खरं तर घरभेदी. फोनच्या निरोपातले पत्ते हा स्वतःच्या अकलेने बदलतो, आणि मग मला त्यांचं ऐकू येतं, त्यांना माझं नाही. "हॅलो, हॅलो" करत मी दहा अशिलांचे शाप खाल्ले. एका पानाच्या तळाशी ती टिकमार्क सापडली. आधीपासून चालूच! कोणी विचारलं होतं?

शेवटी स्वतःच्या पैशाने दुसरा राऊटर घेतला. त्यात ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरची मोफत प्रणाली टाकली, तिच्या एसक्यूएम या रांगा आवरायच्या सोयीत 'केक' ही पद्धत निवडली, वर-खाली दोन्हीकडे ३४ एमबीपीएस लिहिलं. बस्स. रांगांचे क्रमांक नाहीत, शिक्के नाहीत. १४०० फोटो चढत असतानाही पिंग १५ च्या आत. चार मिनिटांचं काम! कंपनीला म्हटलं, तुमचं डबडं ब्रिज मोडवर टाका, म्हणजे ते पॅकेटं नुसती पुढे देईल आणि मधली लुडबुड संपेल. उत्तर आलं, "मॅडम, ते पॉलिसीत नाही." म्हणून आता एकामागे एक दोन राऊटर, दोन अॅडॉप्टर, आणि टेबलाखाली वायरींचं ते जंजाळ.

त्यात गेल्या मंगळवारी फोन पुन्हा एकतर्फी. का? रात्री कंपनीने परस्पर आपल्या डबड्यात नवं फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, ढकललं आणि सिप एएलजीची टिकमार्क पुन्हा जागेवर! विचारलं नाही, कळवलं नाही. आता रोज सकाळी चहा ठेवला की आधी ते पान उघडून बघते.

लेकीचे फोटो मात्र सगळे चढले. परवा बघितले. त्यातले दोनशे तरी एकाच लाटेचे आहेत.