वीतभर अँटेनावर १२ डीबीआय कसे मावतील?

आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'राउटरचे जुने अँटेना काढा, १२ डीबीआयचे लावा. रेंज चौपट, सिग्नल भिंतीतून आरपार. कुठल्याही राउटरला बसतात. खात्री नसेल तर स्पीड टेस्ट करून बघा.' दोन शेजाऱ्यांनी पैसे घातलेसुद्धा, म्हणून हे लिहायला बसलो.

डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप. रेंज चौपट? अँटेना स्वतःची ताकद घालत नाही. राउटरकडून येते तेवढीच पसरवतो. साध्या उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा असतो. डीबीआय वाढला की वडा दाबला जातो: आडवा लांब जातो, वर-खाली कमी. त्यातल्या एका शेजाऱ्यांची घरं तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर, एकावर एक. राउटर खाली, मुलीची अभ्यासाची खोली वर. अँटेना बदलले आणि नेमकं तिचंच नेट रखडायला लागलं.

आकडेही बघा. अगदी मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट व्हायला ६ डेसिबल जास्त लागतात, चौपट व्हायला १२. जुना अँटेना ५ डीबीआयचा असेल तर १२ चा लावून वाढतात ७. आणि तो १२ चा तरी असतो का? २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची. तिच्या निम्म्या लांबीचा साधा अँटेना २.१५ डीबीआय देतो. पुढे लांबी दुप्पट केली की ढोबळमानाने ३ डेसिबल मिळतात. या हिशेबाने चहूबाजूंना पसरणारा १२ डीबीआयचा अँटेना हातभराहून लांब हवा. वीतभर काडीवर १२ छापलं असेल तर ते नुसतं छापलेलंच आहे.

भिंतीचं म्हणाल तर सळयांचं काँक्रीट अँटेना बघून वाट देत नाही. राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढलात तरी जास्त फरक पडेल, तोही फुकटात.

कुठल्याही राउटरला बसतात, हेही खोटं. बऱ्याच राउटरचे अँटेना निघतच नाहीत. निघत असतील तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना अँटेना सोबत न्या आणि टोकाकडे नीट बघा. राउटरच्या सॉकेटमध्ये मधोमध टाचणीएवढी पिन असेल, तर अँटेनात भोक हवं. दोन्हीकडे भोकच असलं तरी आटे घट्ट बसतात, पण आत काहीच टेकत नाही.

स्पीड टेस्टने मात्र अँटेना कळत नाही. तिच्यात बाहेरच्या लाइनचा वेग मिसळतो, आणि संध्याकाळी तो तसाही पडतो. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्यावर आणि फोनवर आयपर्फ३ (घरातल्या घरात, दोन उपकरणांमधला वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा, आणि फोनवर सिग्नलची ताकदही बघा. फोन हातात धरू नका, स्टुलावर एकाच जागी ठेवा. जुना, नवा, परत जुना, परत नवा, असं मोजा. मी तसं केलं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये (शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) अशी आली: जुन्यावर उणे ७४, नव्यावर उणे ७२, परत जुना लावला तर उणे ७२. दोन-तीन डेसिबल तर कुणी दार लोटलं तरी हलतात.

अँटेना बदलून खरंच उपयोग होतो तो जुना सांध्यात तुटला असेल तर, किंवा घर एकाच मजल्यावर लांबलचक असेल तर. त्या शेजाऱ्यांनी शेवटी जुने अँटेना परत लावले, खिडकीबाहेरून लॅन केबल चौथ्या मजल्यावर नेली आणि वर दुसरा राउटर बसवला.