पीटर पॅन म्हणे 'गोड' होता!

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय, मला एकट्यालाच चार जणांनी पाठवली. म्हणणं असं की पीटर पॅनची, म्हणजे कधीच मोठं न होणाऱ्या मुलाची, मूळ गोष्ट म्हणजे गोडगोड बालकथा, आणि ती नवीन डार्क यंग अडल्ट (किशोरवयीनांसाठीची) कादंबरी आलीय तिने पहिल्यांदा त्यामागचं भयानक सत्य बाहेर काढलं, पीटर मुलांना मारतो, त्याचा शत्रू हुक, म्हणजे हाताच्या जागी आकडा असलेला चाच्यांचा कप्तान, बिचारा बळी आहे, आणि ज्यांना हे पुस्तक आवडलं नाही त्यांना डार्क झेपत नाही. मी ते पूर्ण वाचलंय, मोठ्या आशेने वाचलंय आणि पार विरस झालाय. नाव घेत नाही, कारण या साच्यातून निघालेलं ते काही एकटंच नाही.

आधी ते 'गोड'. मूळ लेखक जे. एम. बॅरीचं नाटक १९०४ चं, आणि त्याच गोष्टीवर त्याने स्वतः लिहिलेली कादंबरी १९११ ची. गोड वाटते ती डिस्नेची १९५३ ची फिल्म बघून. कादंबरीत एकच वाक्य आहे, की नेव्हरलँड या पीटरच्या बेटावरच्या मुलांची संख्या कमीजास्त होत असते, काही मारली जातात वगैरे, आणि कोणी मोठं व्हायला लागलं की पीटर त्यांना विरळ करतो कारण मोठं होणं नियमात बसत नाही, पण सध्या सहा आहेत, जुळे दोन धरून. वाफ्यातली रोपं विरळ करावीत तसं! ते 'वगैरे' वाचून मी दोनदा मागे गेलो होतो.

म्हणजे 'पहिल्यांदा बाहेर काढलं' हेही गेलं. आणि काढलं तरी कसं? त्या एका ओळीची चाळीस पानं केलीत, अंधार, रक्त, किंकाळ्या, वर पीटरला दुःखी भूतकाळ, शाप, पश्चात्ताप, सगळं. अरे पण मग उरला काय, एक नेहमीचा व्हिलन! मूळ पीटरची भीती वाटते ती त्याला आपण काही वाईट करतोय याचा पत्ताच नसतो म्हणून. नेव्हरलँडमध्ये म्हणे तुम्ही श्वास घेतलात की एक मोठा माणूस मरतो, म्हणून हा रागाच्या भरात मुद्दाम भराभर श्वास घेतो. पुढे वेंडी, त्याच्यासोबत बेटावर गेलेली मुलगी, हुकचा विषय काढते तर हा विचारतो, हुक कोण? मारल्यावर तो माणसं विसरून जातो. त्याची परी टिंकर बेलसुद्धा आठवत नाही त्याला, जिने त्याच्यासाठी विष प्यायलं होतं. शाप नाही, पश्चात्ताप नाही, काही नाही. याच्यापेक्षा डार्क काय लिहिणार तुम्ही?

आता हुक. नव्या पुस्तकात तो देखणा, जखमी मनाचा आणि सतरा वर्षांच्या नायिकेकडे टक लावून बघणारा, म्हणजे लव्ह ट्रायँगलची सोय. मूळ हुक ईटन या इंग्लंडमधल्या बड्या शाळेत शिकलेला, डोक्यात कायम एकच किडा, आपलं वागणं सभ्य आहे ना. शेवटी तो पीटरला खुणावतो की सुरा नको, लाथ मार, पीटर लाथ मारतो, आणि हा 'असभ्य!' म्हणून चिडवत समाधानाने मगरीच्या तोंडात जातो. केवढा केविलवाणा आणि केवढा विनोदी माणूस आहे तो, त्याला सहानुभूती बॅरीने कधीच दिलेली होती, फक्त त्यासाठी त्याचा शर्ट उघडा ठेवला नव्हता.

'डार्क झेपत नाही' याला काय उत्तर देणार, वर लिहिलंय ते झेपलं ना.

आणि एकजण म्हणाला यंग अडल्ट आहे, भाषेकडून एवढी अपेक्षा कशाला. असं का? पंधरा वर्षांच्या वाचकाला दर पानावर थरथरणारे ओठ आणि 'मी श्वास रोखला' एवढंच पुरतं का? मूळ गोष्ट तर त्याहून लहान पोरांनी वाचली.

राहिला तो शेवटचा ट्विस्ट ज्यावर पोस्टवाले सगळ्यात जास्त फिदा आहेत (स्पॉयलर आहे, सांभाळा), की शेवटी पीटरच नवा हुक होतो. तर मूळ कादंबरीत हुक मेल्यावर पीटर त्याच्या कपड्यांतून स्वतःसाठी सूट शिवून घेतो, आणि मुलांत कुजबुज अशी की तो सूट घातला त्या पहिल्या रात्री तो हुकच्या केबिनमध्ये बराच वेळ बसून होता, तोंडात हुकचा सिगार होल्डर, एका हाताची मूठ आवळलेली, आणि फक्त तर्जनी आकड्यासारखी वाकवून वर धरलेली.