रोज 60,000 ची पुडी आणि मोडलेलं हाड

‘हाड मोडलेल्या 10 पैकी 9 जणांना व्हिटॅमिन डी कमी असतं, म्हणूनच हाड मोडतं. डॉक्टर हे सांगत नाहीत. रोज 60,000 युनिटची डीची एक पुडी दुधातून घ्या, निम्म्या वेळात हाड जुळेल. डी नैसर्गिक आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. सोबत सकाळी सातचं कोवळं ऊन घ्या.’ हा मेसेज आमच्या नात्यागोत्यात कितीदा फिरला, मी सोडून दिलं. पण मनगट प्लास्टरमध्ये असलेल्या आत्याने तो मनावर घेतला, तिच्या औषधांच्या डब्यात रिकाम्या पुड्या निघाल्या, आणि माझं डोकंच फिरलं.

आधी ते लघवीचं. बी आणि सी ही व्हिटॅमिनं पाण्यात विरघळतात, त्यामुळे जास्तीचं बरंचसं लघवीतून जातं. डी चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वयस्कर माणूस असेल तर असंबद्ध बोलणं, आणि फारच ताणलं तर मूत्रपिंडं निकामी. मेसेज लिहिणाऱ्याने ‘नैसर्गिक’ म्हटलं की विषय संपला, असं त्याला वाटत असावं. धोतराही नैसर्गिकच आहे.

आता हिशेब करू. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 मध्ये मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट धरली आहे. म्हणजे एका पुडीत 100 दिवसांचा शिधा. कमतरता असली तर डॉक्टर ही पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, सहा-आठ आठवडे देतात. रोज घेतली तर महिन्याला 18 लाख युनिट होतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2,256 बायकांवर एक चाचणी झाली होती, 2010 साली ‘जामा’ या नियतकालिकात छापून आलेली. त्यातल्या निम्म्या जणींना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट दिले. हाडं वाचावीत म्हणून दिले, आणि झालं उलटंच: डी घेणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं 26 टक्क्यांनी जास्त निघालं. आपला मेसेज त्याच्या साडेतीन पटीहून जास्त डोस एका महिन्यात द्यायला सांगतोय, तोही म्हाताऱ्या माणसांना.

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागेल. खुब्याचं हाड मोडून आलेल्या वयस्करांमध्ये डी कमी सापडतं, आणि आपल्याकडे तर बऱ्याचदा. कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या इंजेक्शनांच्या आधीही डी आणि कॅल्शियम ठीक असावं लागतं. पण म्हणून ‘डी कमी म्हणूनच हाड मोडलं’ हे सिद्ध होत नाही. ही माणसं मुळात घराबाहेर कमी पडतात, आणि मोठ्या दुखापतीनंतर किंवा ऑपरेशननंतर रक्तातली पातळी तशीही खाली येते. ज्याचं डी ठीक आहे त्याने आणखी घेतलं तर हाड लवकर जुळतं, याला आधार नाही.

डॉक्टर सांगत नाहीत म्हणे! आत्याच्या चिठ्ठीवर डी लिहिलेलं होतं. ‘आठवड्यातून एक’ असं.

सातच्या उन्हात डी तयार करणारे किरण जेमतेम असतात. ते मिळतात साधारण अकरा ते दोनच्या उन्हात, आणि बंद काचेतून आत येत नाहीत.

मेसेजात जे नाही त्याचा मला जास्त राग आहे. साठीपुढची बाई चालता चालता पडून मनगट मोडते, तेव्हा हाडं ठिसूळ झाली असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यायची, गरज असेल तर औषध सुरू करायचं, कारण पुढच्या पडण्यात खुबा जाऊ शकतो. आणि तुमच्या घरात कुणी रोज पुडी घेत असेल तर ती आजच थांबवा, आणि डॉक्टरांना विचारून रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते यावरून कळतं) आणि डी, तिन्ही तपासून घ्या. जाताना रिकाम्या पुड्या दाखवायला न्या. किती घेतल्या हे घेणाऱ्याला सहसा आठवत नाही.